बाक क्रमांक सात

देवाने ज्याच्या हाती हत्यार द्यायचंच नाही असं पक्कं ठरवलं होतं, पण गर्दीत कुणाचा तरी धक्का लागल्यामुळे ज्याच्या हातात करवत पडली, असे पृथ्वीच्या पाठीवर एकच गृहस्थ आहेत आणि ते माझे सख्खे साडू आहेत. नागोठण्याकडच्या एका कंपनीत तीस वर्षं यंत्रांच्या मीटरचे काचेआडचे काटे बघण्यात घालवून ते निवृत्त झाले. घरी बसून चार दिवस पेपर वाचला, पाचव्या दिवशी त्यांना गागोद्याच्या बाजूला असलेली आजोबांची दीड एकराची राई आठवली. आंबे, ऐन, किंजळ, एक भलीमोठी काटेसावर आणि करवंदीच्या जाळ्या. बापजन्मात कधी खिळा ठोकला नव्हता, पण "लाकूड आपलं, हात आपले, मग सुतार कशाला?" असं म्हणून त्यांनी पेणच्या बाजारातून हत्यारं आणली, आणि तेव्हापासून फाल्गुन-चैत्रातले माझे शनिवार-रविवार माझे राहिले नाहीत.

सकाळी सहाला फोन यायचा. "साडूभाऊ, फर्स्ट शिफ्ट!" एवढं बोलून ठेवून द्यायचे. मी रोह्याहून मोटरसायकल काढायची, गडबला भजी बांधून घ्यायची आणि राईत हजर व्हायचं. तिथे साडूभाऊ पिवळं हेल्मेट घालून आंब्याखाली उभे. चहाच्या सुट्टीची शिट्टी, जेवणाच्या सुट्टीची शिट्टी, आणि कामावर माणसं किती, तर मी एकटा. ऐनाच्या खोडाला एक फळा टांगला होता, 'अपघाताविना कामाचे दिवस', आणि पुढे खडूने आकडा. तो आकडा दोनच्या वर गेल्याचं मला आठवत नाही. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली तेव्हा त्यांनी आधी फळा पुसून शून्य लिहिलं आणि मगच बोंब ठोकली. दुसऱ्यांदा एक कैरी हेल्मेटवर पडली, तेव्हा हा अपघात धरायचा की नाही यावर चौकशी बसली आणि साक्षीदार म्हणून माझा जबाब झाला. कैरी निर्दोष सुटली. संध्याकाळी तिची चटणी केली.

त्यांच्या हातच्या वस्तूंविषयी काय सांगावं! भात ढवळायचा चाटू करायला घेतला तो होडीचं वल्हं होऊन संपला. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, तो भिजवलेल्या गोधड्या दाबायला वापरतात. मला वाढदिवसाला पाट दिला. त्यावर जेवायला बसलं की माणूस हळूहळू उजवीकडे सरकतो आणि ताकापर्यंत शेजारच्याच्या पानात पोचतो. जिवंत झाडाला मात्र त्यांनी कधी पातं लावलं नाही. वाऱ्याने पडलेली फांदी घ्यायची, आणि तीसुद्धा हात जोडून. हे सगळं तासकाम चालायचं पडलेल्या फणसाच्या एका रुंद ओंडक्यावर. राईत न डुगडुगणारी तेवढी एकच वस्तू होती, कारण ती त्यांनी केलेली नव्हती.

या सगळ्या उद्योगामागचं खरं कारण मला उशिरा कळलं. लग्न झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दोघं या राईत करवंदं काढायला यायची. पुढे शिफ्ट आल्या, मुलं आली, आणि आता ताईंचे गुडघे गेले. जमिनीवर बसणं बंद. एकदा पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या होत्या, "तिथे टेकायला काहीतरी असतं तर आले असते हो." बस्स. त्या दिवसापासून साडूभाऊंनी बाक करायला घेतला. पहिला पुढे कलला, दुसरा मागे, तिसऱ्यावर मी बसलो आणि त्याचे दोन झाले. प्रत्येकावर पिवळ्या रंगात क्रमांक घातलेला असायचा. सहा बाकांच्या ढलप्या चुलीत गेल्या. दुसऱ्या वसंतात सातवा झाला, ऐनाचा, चांगला लांबरुंद. "ताई एकट्या बसणार, मग दोघांचा कशाला?" मी विचारलं.

"लाकूडच तेवढं हाय," म्हणाले आणि उगाचच रंधा शोधू लागले.

सातवा डुगडुगला नाही. आम्ही दोघं त्यावर बसलो, हललो, मी तर उडीसुद्धा मारली. साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याचं खापर काटेसावरीच्या कापसावर फोडलं. मधल्या वारी होळी होती, येत्या शनिवारी ताईंना आणायचं ठरलं आणि बाक आंब्याखाली ठेवून आम्ही घरी आलो.

आता होळीला लाकडं चोरायची, ही आमच्याकडची रीत. मालकाने शिव्या घालाव्यात, पण परत मागायला जाऊ नये, आणि एकदा होळीत रचलेलं लाकूड तर देवाचंच. या रीतीचे सर्वांत मोठे वकील कोण, तर साडूभाऊ. तरुणपणी शेजाऱ्याच्या गोठ्याचा दरवाजा कसा पळवला हे ते दरवर्षी सांगतात आणि शेवटी म्हणतात, "होळीला गेलेल्या लाकडापायी जो तोंड वाकडं करतो तो माणूसच नाय." होळीच्या संध्याकाळी राईशेजारच्या वाडीत आम्ही नारळ घेऊन पूजेला गेलो. होळी उंच रचली होती. आणि तिच्या मधोमध, चारी पाय वर करून, पिवळा सात.

वाडीतला एक शेतकरी हौसेने पुढे आला. "काका, तुमच्या राईतलापण एक आणलाय बरं का! कोंबड्यांचा मोडका खुराडा होता, तुमच्या काय कामाचा?"

मी तोंड उघडणार तोच साडूभाऊंनी माझा हात दाबला. "व्हय रे," ते म्हणाले, "मोडकाच होता." त्यांनी नारळ वाढवला, प्रदक्षिणा घातली आणि सगळ्यांबरोबर बोंबही मारली. फक्त ती जरा लांबली. मला इतकं वाईट वाटलं की घरी येताना मला एकही विनोद सुचला नाही.

शनिवारी सहाचा फोन आला नाही. मी पेणला त्यांच्या घरी गेलो, तर साडूभाऊ पेपर वाचत बसलेले. ताईंनी चहा ठेवला आणि विचारलं, "अहो, आज राईत नाही जायचं?"

"बसायला काय राहिलं नाय तिथं," पेपरातून आवाज आला. मग सगळं बाहेर पडलं. कुणासाठी, कशासाठी, सातही बाक.

ताईंनी चहाखालचा गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं बाक करताय. पण 'चल' म्हणालात का एकदा तरी? मला वाटलं, तुम्हाला तिथे मी नकोय." आणि त्यांनी चपला घातल्या.

रिक्षाने गेलो. ताई जाळ्यांकडे बघत बघत सावकाश आत आल्या आणि सरळ फणसाच्या ओंडक्यावर जाऊन बसल्या. उंची अशी, की जणू मापाने घेतलेली.

"अगं, तो माझा तासायचा ओंडका हाय! आता मी तासू कशावर?"

"मग आज नका तासू."

साडूभाऊंनी हेल्मेट काढलं आणि ते ताईंच्या पायाशी जमिनीवर बसले. दिवसभर शिट्टी वाजली नाही. ऊन उतरल्यावर निघायची वेळ झाली, तेव्हा साडूभाऊंना उठताच येईना. दोनदा हात टेकले आणि परत बसले. बाक दोघांचा का होता ते मला तेव्हा कळलं. ताईंनी ओंडक्यावरून हात पुढे केला, "उठा आता," आणि मी फळ्याकडे बघत उभा राहिलो.

हल्ली बाक क्रमांक आठ चालू आहे. दुसरं टोक मी धरतो. पण ताई दर शनिवारी ओंडक्यावर बसतात, त्यामुळे तासायला जागा नसते आणि काम काही पुढे सरकत नाही. ते सरकू नये, असं अलीकडे मला फार वाटतं.