गाडीवरची मुकादम

केळीचा घड कंबर वाकवून उचलायचा नाही. गुडघे वाकवायचे, घड खांद्याला टेकवायचा आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. हे ज्याला जमत नाही तो चाळिशीत घरी बसतो. मी साठीपर्यंत गाड्या भरल्या. त्यामुळे माणूस दिसला की मी आधी तो उभा कसा आहे ते बघतो, चेहरा नंतर.

आमच्या केळीच्या मुलखात, लालबागच्या पुढे, शेतातला माल धुऊन ट्रकमध्ये भरायचं सेंटर आहे. वैजयंती तिथे घड धुवायची. हौदाजवळच्या बायकांत तिची पाठ सगळ्यात ताठ. पण दगा जवळून गेला की तीच पाठ वाकायची आणि पदर नाकापर्यंत यायचा. दगा तिचा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. तो आमच्याच टोळीत घड वाहायचा. आमच्याकडे सून जेठाशी बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याच्यापेक्षा उंच जागी बसत नाही.

जुना मुकादम पंडित लेकाकडे सुरतेला गेला. सेंटरचा मालक गजाननशेठ, त्याने मुकादमी वैजयंतीला दिली. तिच्या हातून डागी घड कधी पुढे गेला नव्हता, हे त्याने बघितलं होतं. टोळी हसली. टोळीतला लोटू म्हणाला, "चला, आता ट्रकला पण मेंदी लावू!"

मुकादमाची जागा गाडीवर. खालून माणसं घड वर देतात, मुकादम थर लावून घेतो. तळाला पाला, मग घड, कोपऱ्यात पाला दाबून. कोपरा मोकळा राहिला तर दिल्लीला पोचेपर्यंत माल घासून काळा पडतो.

पहिल्या दिवशी वैजयंती वर चढलीच नाही. चाकाशी उभी राहिली, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. वर दगा चढला. ती लोटूला सांगायची, "भाऊ, त्यांना सांगा, कोपऱ्यात पाला घाला." लोटू बिडी पेटवून मग सांगायचा. तोवर दगाने कोपरा पाल्याशिवायच भरलेला असायचा. अर्धी गाडी उपसून पुन्हा भरावी लागली. भरलेली गाडी उपसणं हे भरण्यापेक्षा अवघड काम आहे. सगळ्यांचे खांदे सोलले.

शेठ आला. "बाई, तुझ्याने नाही होणार. तू हौदावरच बरी. उद्या अजून एक गाडी बघतो, नाहीतर दगा मुकादम."

दगा ऐकत होता. मिशीतल्या मिशीत हसला.

ती माझ्याकडे आली. "काका, चुकलं कुठे?"

"तू खाली उभी होतीस," मी म्हणालो.

त्या दिवशी घरी जाताना ती आम्हा पुरुषांच्या मागून नाही, बरोबरीने चालली.

सकाळी ट्रक लागला. वैजयंतीने पदर कमरेला खोचला आणि चाकावर पाय देऊन वर चढली. पाय फाकवून, हात कमरेवर ठेवून उभी राहिली. हौदाजवळच्या बायकांनी हात थांबवले.

दगा खालून ओरडला, "लोटू, हिला विचार, घरदार आहे की नाही? जेठाच्या डोक्यावर उभी राहते!"

लोटूने तोंड उघडायच्या आत ती बोलली. आवाज चढवला नाही. सरळ त्याच्याकडे बघितलं.

"दगाभाऊ, घरी तुमचा मान आहे. इथे गाडी भरायची आहे. घड द्या, नाहीतर रांग सोडा."

नाव घेतलं. सगळ्यांसमोर.

दगाने घड पाल्यावर ठेवला आणि निघून गेला. दोघे त्याच्या मागे वळले. "ज्याला जायचं त्याने आत्ताच जा," ती म्हणाली. "मध्येच गेलात तर चालणार नाही." ते थांबले. मग तिने हौदावरच्या सुनंदाला बोलावलं आणि दगाच्या जागी उभं केलं. सुनंदाने पहिला घड कंबर वाकवून उचलला. वैजयंतीने वरून तिला थांबवून गुडघे वाकवायला लावले. गाडी उशिरा भरली, पण कोपरे घट्ट होते. मी स्वतः हात घालून बघितले.

शेठ खूष झाला, तरी म्हणाला, "मुकादम तूच. पण दगासमोर जरा पदर घेत जा. लोक बोलतात."

"पदर सांभाळू की घड, शेठ? दोन्हीला हातच लागतात."

शेठ मोटारसायकलला किक मारून गेला.

जेठाच्या घरी तिच्याशी बोलणं बंद झालं. तिची मुलं तिकडे जेवायला जायची, तेही थांबलं. नवरा म्हणाला, माफी माग. तिने नाही मागितली. कामावर आली की चाकावर पाय, आणि वर.

दगा दुसऱ्या सेंटरवर काही दिवस फिरला. तिथे त्याचं पटलं नाही. एके सकाळी येऊन रांगेत उभा राहिला. वैजयंतीने विचारपूस केली नाही, टोमणा मारला नाही. बोटाने जागा दाखवली, अगदी फाळक्याजवळची, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीपाशी. तिथला माणूस घड थेट मुकादमाच्या हातात देतो. तिथे मान खाली घालून काम होत नाही. दगाने घड उचलला, मान वर केली आणि तिच्या हातात दिला.