धुण्याच्या ओट्यावरचा हुक्का

कामगारांसाठी सरकारनं बांधलेल्या त्या वस्तीत धुण्याचा एक ओटा होता आणि त्यावर कुणी कधी साधा रुमालही धुतला नव्हता.

जयपूरच्या परकोटाबाहेर, म्हणजे जुन्या शहराच्या तटाबाहेर, एकेका खोलीची घरं आणि मधे चौक. चौकात एकच नळ, नळाशेजारी सिमेंटचा गुळगुळीत ओटा, ओट्याला लागून पक्की नाली. वर कडुनिंबाची सावली. त्या सावलीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वस्तीतले म्हातारे हुक्का घेऊन बसलेले. बायका घूंघट ओढून यायच्या, घडा भरायच्या, वळायच्या. धुणं-भांडी आपापल्या दारात. दारात नाली नव्हती, म्हणून गल्लीत बारमाही चिखल, चिखलावर माश्या आणि पोरांची पोटं बिघडलेली.

पाहणीला आलेल्या ओव्हरसियरांनी कोरडा ओटा पाहिला, ओली गल्ली पाहिली आणि निकाल दिला, "इन लोगों को रहना ही नहीं आता." पुढच्या पाहणीपर्यंत ओटा वापरात दिसला नाही तर नळ उखडून मागच्या वस्तीला देणार. मागच्या वस्तीला नळच नव्हता, हेही खरं. पण एका गरिबाच्या तोंडचं पाणी काढून दुसऱ्याला पाजायचं, याला ही माणसं योजना म्हणत होती!

मी तेव्हा कॉलेजात होते. वडील सरकारी इस्पितळात डॉक्टर, बदलीनं नागपूरहून आलेले. सुट्टीच्या दिवशी मी त्या वस्तीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हा माझा खाक्या. 'नल हमारा, हक़ हमारा' असं पत्रक काढलं, सभा बोलावली. सभा भरली ती त्याच ओट्यावर. पुरुष आले, म्हातारे तर होतेच, बाई एकही नाही. 'औरतों को चबूतरा इस्तेमाल करना चाहिए' असा ठराव ओट्यावर बसलेल्यांनी एकमतानं पास केला. मी धुमसत घरी गेले.

पुढच्या रविवारी म्हटलं, आता करूनच दाखवते. कोपऱ्यातल्या खोलीत माझ्याच वयाची एक सून राहायची. तिचं तान्हं पोर हिवाळाभर आजारी होतं. नळ गेला तर तिला सडकेपलीकडच्या विहिरीवर जावं लागलं असतं, पोर कडेवर घेऊन. तिचीच भांडी उचलली आणि ओट्यावर फतकल मारून घासायला बसले.

हुक्का थांबला. तिचे सासरे म्हणाले, "बेटी, ये क्या?"

"बर्तन मांज रही हूँ, बाबा. चबूतरा इसी के लिए है."

म्हातारे हुक्का उचलून चालते झाले. दारादारांतून हसू फुटलं. मला वाटलं, जिंकले. भांडी घेऊन मी उठले तशी मंडळी परत आली, जागा गमछ्यानं पुसली आणि बसली.

"बाईजी, तुम्ही बेटी," ती सून अजून हसत होती. "बेटीला सगळं माफ. मी ससुरजींसमोर पदर खोचून बसू?"

"मग त्यांना सांग ना, जरा सरका म्हणून."

"त्यांच्याशी मी बोलत नाही. लग्न झाल्यापासून नाही."

"घरात रोटी झाली तर कशी कळते त्यांना?"

तिनं मांडीवरच्या पोराकडे बोट दाखवलं. ते अजून 'मा'सुद्धा म्हणत नव्हतं. "याला सांगते. दादाजींना सांग, थाली लागली. ते यालाच उत्तर देतात."

मी कपाळावर हात मारला. पण राग आता म्हाताऱ्यांवर धरवेना. नकाशा काढणाऱ्यानं नळ काढला, नाली काढली, धुणंसुद्धा काढलं, आणि आयुष्यभर राबलेल्या माणसांनी बसायचं कुठे ते काढलं नाही. वस्तीत सावलीतला ओटा हा एकच. त्यांना तो बैठकीचाच वाटला, यात नवल काय? शेजारणी जमल्या. म्हाताऱ्यांना उठवायचं कुणी, हा प्रश्न बाजूला पडला. त्यांना बसवायचं कुठे, यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. फाटकाजवळ दुसरा कडुनिंब होता आणि त्याखाली ठेकेदारानं टाकून दिलेल्या विटांचा ढीग.

पण वेळ कुणाला होता? चूल, पाणी, चूल. आईकडे कुरकुरले तर ती म्हणाली, "अगं, बास्योडा आलाच की. शीतलामातेचा दिवस. त्यांच्याकडे त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं थंडच खातात. मतलब बायका मोकळ्या."

वर्षातून एक दिवस चुलीपासून सुटका आणि तीही देवीच्या धाकानं, यावर मी एक जळजळीत पत्रक लिहू शकले असते. लिहिलं नाही. मला विटा उचलायच्या होत्या.

बास्योड्याला म्हातारे मोठ्या नातवंडांना घेऊन चाकसूला शीतलामातेच्या मेळ्याला गेले. बायकांनी पहाटेच पूजा उरकली आणि फाटक गाठलं. घूंघट खांद्यावर पडले. कुणी माती कालवली, कुणी विटा रचल्या. एका काकूंनी काठीचा हुक्का करून साऱ्या म्हाताऱ्यांच्या नकला केल्या, खोकल्यासकट. दुपारी आम्ही बाजरीची थंड, ताकातली राबडी आणि गोड पुए खाल्ले ते चौकातल्या ओट्यावर बसून. त्यातल्या बहुतेकींनी तो सिमेंटचा थंडावा पहिल्यांदाच अनुभवला.

संध्याकाळी मंडळी मेळ्याहून परतली. फाटकाशी शेणानं सारवलेला नवा चौथरा पाहून म्हातारे थबकले. सून घूंघट ओढून, पोर कडेवर घेऊन पुढे झाली आणि त्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादाजींना सांग, हा त्यांचा. आज ओला आहे, उद्यापासून बसा म्हणावं."

सासऱ्यांनी चौथऱ्याची उंची गुडघ्याशी मोजून पाहिली. मग पोराचा गाल हलवून म्हणाले, "तेरी माँ से कह दे, थोड़ा ऊँचा रखती. घुटने दुखते हैं."

दुसऱ्या दिवशी हुक्का हलला. ओट्यावर धुणं सुरू झालं.

ओव्हरसियर पाहणीला आले तेव्हा मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन सज्ज होते. त्याची गरज पडली नाही. सासऱ्यांनीच त्यांना फाटकाशी अडवलं. "साहब, अंदर औरतें काम कर रही हैं. यहीं बैठिए." ओव्हरसियर बसले. नाली तिथूनच बाहेर जायची. साबणाचं पाणी फेसाळत त्यांच्या बुटांजवळून वाहत होतं आणि आतून कपडे आपटल्याचे आवाज येत होते. त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं.

"नल यहीं रहेगा," ते म्हणाले.

"वो तो रहेगा ही," सासरे हुक्क्याची नळी त्यांच्याकडे वळवत म्हणाले. "पीछे वालों को नया दीजिए. और वहाँ चबूतरे दो बनवाइए."