चार वाजता बंद होणाऱ्या कम्प्लेंटी

“तुमच्या बाईनं माझी कम्प्लेंट बंद केली! मले विचारलं नाही, काही नाही. वरून लिहिलं, ‘फोन केला, आता ठीक आहे.’ मले कोणाचाच फोन नाही आला. माझी सासू मरता मरता वाचली आज, समजलं काय?”

हुडकेश्वरच्या एका चार मजली बिल्डिंगच्या सेक्रेटरी ठवरे बाई फोनवर ओरडत होत्या. मी ऐकून घेतलं. कम्प्लेंट कधी बंद झाली ते विचारलं. म्हणाल्या, आठ दिवस झाले, मोबाइलवर मेसेज आहे, बंद करणाऱ्याचं नावही आहे खाली. इंदू.

इंदू माझी बायको. तिला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

बाईंना मी हे सांगितलं नाही. “येतो,” एवढंच म्हटलं आणि बावणेला घेऊन निघालो. बावणे माझा सगळ्यात जुना मेकॅनिक. मी सातवी पास, पण लिफ्टच्या कामात पस्तीस वर्षं घातली. सदरमध्ये एक गाळा आहे, तेच ऑफिस. लिफ्ट नवीन बसवणं कमी, जुन्या लिफ्टांची देखभाल जास्त.

मे महिना होता, दुपारचे दोन. बिल्डिंगमध्ये कूलरच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. केबिन खाली तळमजल्यावर उभी होती, ते मी डोळ्यानं पाहिलं आणि जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्टच्या दरवाजाचा हँडल धरला, ओढला. दरवाजा उघडला.

हे होता कामा नये. केबिन समोर नसेल तर मजल्यावरचा दरवाजा उघडलाच नाही पाहिजे. त्यासाठी त्याच्यात एक लॉक असते. ते झिजलं की दरवाजामागं सरळ विहीर, तळापर्यंत पोकळ. बाहेर अंग भाजत होतं आणि त्या अंधारातून माझ्या तोंडावर थंडगार हवा आली. बॅटरी मारली. खाली केबिनच्या छतावर एक काठी होती. आडवी पडलेली नाही. दोराला टेकून उभी, मूठ वर, कोणी ठेवून गेल्यासारखी.

ठवरे बाईंची सासू दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला नीट दिसत नाही.

“मी आधी काठी टाकली पुढं,” म्हातारी म्हणाली. “काठी गेली. मी नाही गेली. आवाज लई उशिरानं आला गा.”

बावणेनं लिफ्टचा मेन बंद केला आणि फ्यूज काढून खिशात टाकला. आम्ही स्कूटरवर परत आलो. ऑफिसात आल्यावर मी विचारलं.

“हे लॉक तूच पाहून आला होता ना?”

“हो काकाजी. झिजलं होतं. चौकीदाराले सांगतलं लिफ्ट बंद ठेव, नवीन लॉक मागवलं. त्यानं चालू केली असंन पुन्हा.”

“मग लॉक कुठं आहे?”

त्यानं रॅककडं बोट केलं. खोका तिथंच होता. वर हुडकेश्वरचं नाव लिहिलेलं, टेपसुद्धा फोडलेली नाही.

“मग काहून नाही बसवलं?”

“लिस्टमध्ये हिरवं झालं होतं. मले वाटलं तुम्ही दुसऱ्या कोणाले पाठवलं. बसवलं असंन, मग बंद केली असंन.”

“इंदूच्या नावानं?”

“मले वाटलं काकूच्या आयडीवरून तुम्हीच करून राहिले.” तो खाली पाहत होता. “आम्ही सगळेच पाहत होतो. तुम्हाले विचारणार कोण? काकूचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता.”

इथं लिस्ट म्हणजे काय ते सांगावं लागेल. पहिले आमचं कम्प्लेंटचं रजिस्टर होतं. मेकॅनिक दूर मौद्याला असला तर संध्याकाळी सदरला येऊन लिहायचा, तोवर कोणालाच काही कळायचं नाही. मग कॉम्प्युटर घेतला. एका उन्हाळ्यात तो जळाला, त्याच्याबरोबर सगळ्या लिफ्टांचा इतिहास गेला. मग इंदू म्हणाली, आपण cloud वर जाऊ. मी म्हटलं, ते काय असते? ती म्हणाली, आपलं रजिस्टर दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरात ठेवायचं. तो कुठं आहे ते आपल्याला माहीत नसते. आपण मोबाइलमधून पाहायचं आणि लिहायचं. मेकॅनिक साइटवरूनच लिहीन. मला ते पटलं नव्हतं. माझी वस्तू कुठं आहे हे मला माहीत पाहिजे. पण ती बारावी शिकलेली. मी ऐकलं.

पराते नावाच्या सॉफ्टवेअरवाल्यानं सगळं लावून दिलं. कम्प्लेंट आली की लाल. मेकॅनिकनं जाऊन पाहिली की पिवळी. काम पूर्ण झालं, गिऱ्हाईक खूश, की हिरवी. हिरवी करायचं काम फक्त इंदूकडं. ती प्रत्येकाला फोन लावायची, विचारायची, मगच बंद करायची. आमच्या धंद्याचं नाव त्या फोनवर टिकून होतं.

ती गेल्यावर पराते बोलला होता, “काकाजी, काकूंचा आयडी बंद करू का?” आयडी म्हणजे आत जायचं नाव आणि किल्ली. मी त्याला म्हटलं, “माझ्या घरातलं नाव काढणारा तू कोण बे?” आणि फोन ठेवला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आता खरं सांगतो. बावणे आणि बाकीचे पाहत होते, तसं मलाही दिसत होतं. पहिल्या आठवड्यातच दिसलं. चार वाजले की पिवळ्या ओळी हिरव्या व्हायच्या, बाजूला तिचं नाव, आणि खाली तिचे शब्द. “फोन केला. आता ठीक आहे.” पहिल्या दिवशी मी मोबाइल उलटा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी पावणेचारलाच मोबाइल घेऊन बसलो. मग रोज बसू लागलो. भूत आहे असं मी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. दिवसभरात तेवढी एक वेळ होती की ती कुठंतरी बसून काम करत आहे असं वाटायचं. घरी कूलर लावून पडलो तर बाजूला कोणी नाही. इथं निदान नाव यायचं.

म्हणून मी कोणाला विचारलं नाही. आणि तिकडं हुडकेश्वरचं लॉक खोक्यात पडून राहिलं.

साडेतीन वाजले होते. मी बावणेला म्हटलं, “बस. पाहू.” कॉम्प्युटर चालू केला. तीन ओळी पिवळ्या होत्या. त्यातली एक मौद्याची, तिथं बावणेच सकाळी जाऊन आला होता. बाहेर सदरच्या रस्त्यावर उन्हानं एक माणूस नव्हता. माऊसला कोणी हात लावला नाही. चार वाजले. तिन्ही ओळी एकदम हिरव्या झाल्या. इंदू. इंदू. इंदू.

बावणे उठला तर खुर्ची मागं पडली. त्यानं चपला काढल्या आणि हात जोडले.

“काकाजी, हे आपल्या हातचं नाही. कोण्यातरी जाणकाराले बोलवा.”

“चूप राय. मौद्याले फोन लाव.”

मौद्याच्या गिऱ्हाइकाला मी विचारलं, आमच्या ऑफिसातून आता कोणाचा फोन आला होता का? तो म्हणाला, नाही. सकाळी तुमचा माणूस आला होता, लिफ्ट अजून झटके मारून राहिली.

मी फोन ठेवला. बावणे दारात उभा होता, पळायच्या बेतात.

“ही इंदू नाही,” मी म्हटलं.

“तुम्हाले कसं माहीत?”

“इंदूनं फोन न करता ‘फोन केला’ असं जन्मात नाही लिहिलं.”

दोन महिने ज्या ओळीची मी वाट पाहत होतो, ती खोटी होती. कोणीतरी माझ्या बायकोच्या नावानं, तिच्याच शब्दांत, गिऱ्हाइकांशी खोटं बोलत होतं. मला इतका राग आला की भीती राहिलीच नाही. बावणेला लॉक देऊन हुडकेश्वरला पिटाळलं आणि परातेला फोन केला. “आता ये. आताच्या आता.”

पराते पाच वाजता आला. इंदूच्या नावावर जाऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं.  मग म्हणाला, “काकाजी, हे मीच लावून दिलं होतं.”

“काय लावून दिलं?”

“रूल. म्हणजे मशीनला नेमून दिलेलं रोजचं काम. काकूंनीच सांगितलं होतं. दवाखान्यात सलाइन लावून लावून त्यांचा हात सुजला होता, टाइप करणं होत नव्हतं. त्या म्हणाल्या, चार वाजेपर्यंत मी फोन सगळ्यांना करीन. ज्याचं काम अपुरं असेल त्याच्यावर तेवढी टिक मारीन, त्याला हात लावू नको. बाकीचं चार वाजता मशीनलाच बंद करू दे. वाक्यही त्यांनीच दिलं होतं.”

“मले काहून नाही माहीत?”

“त्यांनी सांगू नका म्हटलं. तुम्ही काम करू दिलं नसतं.”

ते खरं होतं. मी दिलं नसतं.

ती होती तोवर यात काही चूक नव्हती. ती दवाखान्यातून फोन करत होती, टिका मारत होती. ती गेली. टिक मारणारं कोणी उरलं नाही. मशीनला काय, त्याला कोणी सांगितलंच नाही. जी ओळ पिवळी, ती चार वाजता हिरवी. काम झालं असो की नसो.

“रूल बंद कर,” मी म्हटलं.

“रूल बंद केला. आणि आयडी?”

मी स्क्रीनवरचं तिचं नाव पुन्हा वाचलं. पराते थांबला. चांगला माणूस आहे, घाई केली नाही.

“तोही कर.”

त्यानं बटण दाबलं, पण ते लगेच होत नाही. मशीननं आधी प्रश्न विचारला. या युजरचं काम कोणाकडे द्यायचं? खाली सगळ्यांची नावं होती. नाव निवडल्याशिवाय पुढं जातच नव्हतं.

“बावणेचं टाकू?”

“माझं टाक.”

“काकाजी, रोज फोन करावे लागतील सगळ्यांना.”

“करीन ना. तोंड आहे मले.”

तिच्या जुन्या ओळी तशाच राहतात, पराते म्हणाला, त्या पुसल्या जात नाहीत. नवीन येणार नाहीत. मी म्हटलं, बरं.

तिच्यानंतर मशीननं बंद केलेल्या एकशे तेवीस कम्प्लेंटी निघाल्या. मी एकेकाला फोन केला. एकशे सतरा जणांचं काम खरंच झालेलं होतं. सहा जणांचं अपुरं होतं. हुडकेश्वर सोडून बाकी पाचही लिफ्टा मी स्वतः उभा राहून दुरुस्त करून घेतल्या. हुडकेश्वरचं लॉक बावणेनं त्याच संध्याकाळी बसवलं होतं आणि काठीही काढून दिली. दुसऱ्या दिवशी मी ठवरे बाईंच्या घरी फोन लावला, तर म्हातारीनं उचलला.

“आजी, लिफ्टवाला बोलतो. दरवाजा ठीक आहे का आता?”

“आहे. पहिले एक बाई फोन करत होती. लई गोड बोलत होती. थे काहून नाही करत?”

तेराव्याला आलेल्या लोकांना मला काही सांगावं लागलं नव्हतं, त्यांना माहीतच होतं. पुढचा शब्द माझ्या तोंडातून तोवर निघालाच नव्हता.

“वारली, आजी.”

 म्हातारी म्हणाली, “मंग आता तू करत जा. पण थोडं हळू बोल गा, कान फुटते.”

धंदा cloud वर नेणाऱ्यांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो. आयडीची लिस्ट कागदावर काढा. प्रत्येक नावापुढं माणूस कोण, तो दिवसभर काय करतो आणि मशीनकडून काय करवून घेतो, ते लिहा. त्याच्या तोंडूनच लिहून घ्या, तो असताना. आणि जो नाही, त्याच्यापुढं ‘नाही’ असं लिहा, त्याच आठवड्यात. मला ते लिहायला दोन महिने लागले, आणि त्यात एक अर्धी आंधळी म्हातारी विहिरीत जाता जाता राहिली.