रस्ता मोकळा हाय का?

मास्तरांना कुणी काहीही विचारलं, की ते आधी उजवीकडे बघायचे. चहा घेणार का, विचारलं तरी उजवीकडे. बॅटरी आज नेणार की उद्या, विचारलं तरी उजवीकडे. तिथं बहुतेक वेळा माझ्या दुकानाची भिंत असायची आणि भिंतीवर टायरच्या जाहिरातीचं कॅलेंडर. क्षणभर त्या कॅलेंडरकडे बघून मग ते माझ्याकडे वळत आणि उत्तर देत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा मानेनं अधू आहे. मान चांगली ठणठणीत होती. ही खोड त्यांना कशी लागली आणि पुढं तिचं काय झालं, ते सांगायला बसलो आहे. याआधी बसून दोनदा उठलोही आहे.

सत्तर-एकाहत्तर साली सोलापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानाबाहेर एक लाकडी बाक. रविवारी सकाळी त्या बाकावर जुन्या जर्मन गाड्यांचे मालक जमायचे. तिघंच. एक वकील, एक चादरींचे कारखानदार आणि मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गिरणीच्या रंगखात्यातले. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी त्यांच्या नखांच्या कडा निळसरच होत्या.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. गाडीपेक्षा गाडीविषयीचं बोलणं त्यांना अधिक प्यारं असतं. ‘आरामात किती पळते?’ हा या मंडळींचा कायमचा विषय. जास्तीत जास्त किती पळते, हे विचारणं पोरकटपणाचं. आरामात किती, ते सांगा. वकील म्हणायचे, “विजापूर रोडला लागलो की आरामात नव्वद.” त्यांची गाडी दुकानापर्यंत येतानाच ढकलावी लागते, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ढकलणाऱ्यांत मी असे. कारखानदारांचं घर तेलुगू बोलणारं, मराठी ते जपून बोलत. ते म्हणत, “माझी ऐंशीच. पण ऐंशीला हातात कप धरा, चहा सांडणार नाही.” त्या बाकावर बसून गाड्या जेवढ्या पळाल्या, तेवढ्या रस्त्यावर कधी पळाल्या नाहीत.

मास्तरांची पाळी आली की ते कॅलेंडरकडे बघत आणि म्हणत, “आमची आपली साठ. साठाला ती गानं म्हनती. पासष्टला वरडती.”

या तिघांत खरं बोलणारे ते एकटे.

त्यांच्या गाडीची हकीकत अशी, की गिरणीत रंगाची यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब आला होता. येताना गाडी घेऊन आला. मास्तर तेव्हा माढ्याकडून नुकतेच आलेले, रंगाच्या बादल्या उचलणारे तरुण गडी. साहेबाचा त्यांच्यावर जीव बसला. जर्मनीशी लढाई सुरू झाली तशी इंग्रज सरकारनं साहेबाला छावणीत नेऊन ठेवलं. जाताना त्यानं किल्ली मास्तरांच्या हातात दिली आणि सांगितलं, मी येईपर्यंत सांभाळ. तो आलाच नाही. पुढं कागदपत्रं होऊन गाडी मास्तरांच्या नावावर झाली, पण ते तिला शेवटपर्यंत ‘सायबाची गाडी’च म्हणत.

या गाडीचं स्टिअरिंगचं चक्र डावीकडे होतं. साहेबाच्या देशात ते ठीक, पण आपल्याकडे डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या लॉरीच्या आडून समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. बैलगाडी ओलांडायची तरी उजवीकडच्या सीटवर कुणीतरी बसून, मान बाहेर काढून सांगावं लागतं. ते काम काकू करायच्या. मास्तरांच्या मंडळी. त्या अक्कलकोटच्या, माहेरी सगळा कानडी कारभार. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी घाईच्या वेळी तोंडातून कानडीच यायचं. मास्तर विचारत, “मोकळा हाय का?” काकू रस्ता बघून म्हणत, “नडीरी,” म्हणजे चला. नाहीतर म्हणत, “निल्री,” म्हणजे थांबा. त्या शब्दावर गाडी जायची किंवा थांबायची. मास्तरांनी आपल्या डोळ्यांनी म्हणून एकही वाहन ओलांडलं नव्हतं. उजवीकडे बघायची खोड लागली ती अशी. माणूस सगळ्याच गोष्टी बायकोला विचारायला लागला होता, आणि ती शेजारी नसली तरी विचारत होता. वकील याची भारी टिंगल करत. मला मात्र हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

मग साठाचे पंचेचाळीस झाले. मास्तर म्हणाले, पंचेचाळीसच बरं. पुढच्या वर्षी तीस झाले. बाकावर हशा पिकू लागला. वकील म्हणाले, “मास्तर, उद्या तुम्हाला कोंबडी ओलांडून जाईल.” कारखानदारांना वाटलं, इंजिन बसलं. मलाही तेच वाटलं, म्हणून एकदा उघडून पाहिलं. इंजिन साहेबानं काल आणल्यासारखं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी त्यांचा डायनामो बदलला आणि बॅटरी नीट चार्ज होते की नाही ते बघायला मागच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर अक्कलकोटला निघालो. काकूंनी मला डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. मला त्या ‘तम्मा’ म्हणत, धाकटा भाऊ म्हणून. “तम्मा, पोटभर खा,” म्हणताना त्या माझ्या थोड्या बाजूला बघत होत्या. मी ते मनावर घेतलं नाही.

वळसंगच्या अलीकडे कडब्यानं भरलेली बैलगाडी पुढं आली.

“मोकळा हाय का?” मास्तरांनी विचारलं.

काकूंनी मान बाहेर काढली. वाऱ्यानं पदर उडत होता. “निल्री,” त्या म्हणाल्या.

मी मागच्या उजव्या खिडकीतून बघत होतो. नजर पोचेल तिथपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जरा वेळानं मास्तरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा “निल्री.” आम्ही बैलांच्या चालीनं चाललो होतो. गाडीचा काटा जागचा हलेना. शेवटी गाडीवान वैतागून मागं वळला आणि ओरडला, “आवो, जावा की म्होरं! बैलं बुजत्यात!”

मला राहवेना. “मास्तर, रस्ता तर—”

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “तिनं थांबा म्हनलंय न्हवं? मग थांबायचं.” एरवी एवढ्या मऊ बोलणाऱ्या माणसाचा तो आवाज ऐकून मी मागं सरकून बसलो.

अक्कलकोटला काकूंच्या भावाच्या दारात गाडी थांबली. काकू उतरताना त्यांचा पाय जमीन शोधत राहिला. मास्तर सहज आल्यासारखे पलीकडून आले आणि त्यांनी आपला दंड पुढं केला. काकू आत गेल्यावर ते मला लिंबाखाली घेऊन गेले.

“डोळं गेल्यात तिचं,” ते म्हणाले. “काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, गेलेलं परत येत न्हाय. उरलंय तेबी जानार.”

“मग रस्ता त्यांना कशाला विचारता? कुणालाही बसवा की शेजारी. मी येत जाईन.”

त्यांनी आधी उजवीकडे पाहिलं. “ती म्हनती, अंधुक दिसतंय. मी म्हनतो, व्हय, मलाबी आता तसंच दिसतंय. मूल न्हाय, बाळ न्हाय. भाकरी करपाया लागली म्हनून शेजारची बाई येऊन थापून जाती. निवडनं गेलं, शिवनं गेलं. एवढं एक काम तिच्याकडं राहिलंय बगा. तेबी काढून घेऊ?”

मी खाली पडलेली लिंबाची काडी उचलली.

“तिला दिसत न्हाय म्हनून ती सारखी निल्री म्हनती,” ते म्हणाले. “म्हनू दे की. आपल्याला कुटं गाडी गाठायचीय?”

त्यानंतर बाकावर कुणी ‘आरामात किती?’ विचारलं, की ते म्हणत, “ती म्हनंल तेवढं.” वकील हसत. मला हसू येत नसे. मी हातातल्या स्पॅनरशी चाळा करत राही. पेट्रोल महागलं तशी वकिलांनी गाडी उभी करून ठेवली, कारखानदारांनी विकली. रविवारी बाकावर बहुधा मास्तर एकटेच असत आणि समोर गाडीत, उजव्या सीटवर, काकू. मान ताठ ठेवून त्या स्टेशनच्या दिशेनं बघत बसत. येणारे-जाणारे नमस्कार करत. काकू आवाजावरून ओळखत आणि इतक्या चटकन नाव घेत, की कुणाला शंका येऊ नये.

मग तो उन्हाळा आला. दोघं अक्कलकोटहून परत येत होती. वाटेतच काकूंचा डोळा ठणकायला लागला. डोकं फुटेल अशी कळ. त्यांना उलट्या होऊ लागल्या. मास्तरांना एकच सुचलं, लवकर सोलापूर गाठायचं आणि डॉक्टरकडे जायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाई झाली होती. आणि पुढं कडब्याची गाडी. पुन्हा तीच. म्हणजे गाडी वेगळी असेल, पण त्या रस्त्यावर कडब्याला काय तोटा?

हे मास्तरांनी मला स्वतः सांगितलं. बऱ्याच दिवसांनी एका रविवारी ते चालत दुकानात आले आणि बाकावर बसले. कपाळावर खरचटल्याची एवढीशी खूण. त्यांना बाकी काही झालं नव्हतं.

“मी इचारलं, मोकळा हाय का? सवयीनं इचारलं. ती वाकली हुती, पदर तोंडाला लावला हुता. तरी मान भायेर काढली. म्हनली, निल्री.” त्यांनी कपाळावरची खूण चाचपली. “मी म्हनलं, हिला काय दिसतंय? ही रोजच निल्री म्हनती. आनि हितं तर ती कळवळाया लागलीया. मी आपला जरा वाकून बगितलं. चार हात रस्ता दिसला. मोकळा वाटला. घेतली भायेर.”

समोरून लॉरी आली. वळणावर चिंचेचं मोठं झाड होतं, त्याच्या आडून. मास्तरांना ती दिसली नव्हती. काकूंना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ती ऐकली होती. लॉरी उजव्या अंगाला घासून गेली. उजव्या अंगाला काकू होत्या.

“इतकी वर्सं ऐकलं,” मास्तर म्हणाले. “दिसत हुतं तवा ऐकलं. दिसत नव्हतं तवाबी ऐकलं, उगंच, तिचं मन राखाया. खरं ऐकायचं त्या दिवशी ऐकलं न्हाय.”

समजूत घालायला पुष्कळ लोक त्यांच्या घरी जाऊन आले. वकील म्हणाले, मास्तर, तुमच्या जागी कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं. बरोबरच आहे. मीसुद्धा तेच केलं असतं. पण हे वाक्य ऐकून मास्तरांचा चेहरा जसा झाला, तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही. कुणीही जे केलं असतं, ते त्यांनी कधीच केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. मला अजून राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही. लॉरीवाल्याचा म्हणावा, तर तो आपल्या बाजूनं चालला होता.

गाडी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवली होती. उजव्या बाजूवर गोणपाट टाकलेलं होतं. दुरुस्त करून देतो, असं मी म्हटलं नाही.

पुढं पुढं ते रोज संध्याकाळी माझ्या दुकानासमोरच्या कडेला येऊन उभे राहू लागले. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथं जायचं असे. ते कडेला उभे राहायचे, मान उजवीकडे वळवायचे आणि हळूच विचारायचे, “मोकळा हाय का?” मग वाट बघायचे. सायकली जात, टांगे जात, एसटी जाई. मधेच रस्ता रिकामा होई. ते तसेच उभे. बराच वेळ उभे राहून मग वळायचे आणि आल्या वाटेनं घरी जायचे. मी दुकानातल्या पोराबरोबर चहा पाठवू लागलो तर ते कप घेत, पण पलीकडे कधी गेले नाहीत.

एकदा मला हे बघवेना. दुकानातून उतरून मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि दंडाला धरलं. “चला मास्तर. मी बघतोय ना. रस्ता मोकळा आहे.”

त्यांनी माझा हात अगदी सावकाश, मला वाईट वाटू नये अशा बेतानं बाजूला केला.

“निल्री म्हनलीया की ती,” ते म्हणाले. “अजून नडीरी कुटं म्हनली?”

आणि वळून घराकडे चालू लागले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, पण मला आठवते ती हीच संध्याकाळ. रस्ता पार स्टेशनपर्यंत मोकळा होता आणि ते कडेकडेनं, भिंतीला धरून, परत निघाले होते.