चौथं बटण: बाबा बोलतात

टीव्हीवरची अक्षरं नीट करण्याच्या नादात मी एका आठवड्यात घरातली चार माणसं दुखावली. पाचवी आई. तिचं मला सगळ्यात शेवटी कळलं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्या स्मृतिदिनाची तयारी चालू असताना आई एकदम म्हणाली, "संगीताच्या लग्नाची कॅसेट आहे ना, त्यात हे बोललेत. ते मला ऐकायचंय." संगीता माझी धाकटी बहीण. तिच्या लग्नात व्हिडिओवाल्याने बाबांपुढे माइक धरला, आणि जन्मभर नुसती मान हलवून काम भागवणारे आमचे बाबा चक्क बोलले. "मी काय बोलणार? हिला विचारा, सगळं हिनंच केलंय." बस्स! त्यांचा आवाज आमच्याकडे एवढाच उरलाय. मला तर ते वाक्य नुसतं आठवलं तरी हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. मग आईचं काय होत असेल?

"मोबाइलवर टाकून देतो," मी म्हणालो.

"मोबाइल नको. तो तुमच्याकडून लावून घ्यावा लागतो. मनात आलं की माझं मला लावता आलं पाहिजे."

आईला स्वतःहून चालवता येणारं घरातलं एकमेव यंत्र म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर. म्हणजे डीव्हीडीच करायला हवी होती. येरवड्याहून मी कॅसेट घेऊन नारायण पेठेत एका स्टुडिओत गेलो.

"डीव्हीडी?" मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "फार लवकर आलात. पेनड्राइव्हवर देतो, डीव्हीडीचं आपलं आपण बघा."

आपलं आपण बघायला मी तयारच होतो. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत पत्रांचे मसुदे केले आहेत मी! खरं तर दोन वाक्यांची एक फाइल डिस्कवर टाकली असती तरी काम संपलं असतं. पण अनुक्रमणिकेशिवाय कागद पुढे पाठवायची मला सवय नाही. तेव्हा मेनू हवा. मेनू म्हणजे डिस्क घातल्यावर टीव्हीवर येणारं बटणांचं पान. त्यासाठी एक फुकटचा प्रोग्रॅम मिळाला, आणि पहिल्याच दुपारी चार बटणं तयार झाली. बुद्धवंदना. विवाहविधी. काकांचं भाषण. बाबा बोलतात. अक्षरं अशी ठसठशीत की आईने स्वयंपाकघरातून वाचली असती.

इथे थांबायला हवं होतं. मी त्या पानाचा फोटो काढून घराच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "कृपया अवलोकन करून सूचना द्याव्यात."

पाच मिनिटांत सुमनआत्याचा फोन. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण.

"बाबा बोलतात? तो काय एकट्या तुझाच बाबा होता?"

"तसं नाही आत्या..."

"लग्नपत्रिकेत कसं पूर्ण नाव घालतोस? आणि कालकथित कुठाय? माणूस गेला तर तेवढा मान नाही द्यायचा?"

आत्याचं चूक नव्हतं. मी बटणावर लिहायला घेतलं, 'कालकथित उत्तम बाबूराव गायकवाड यांचे मनोगत.' आणि तेव्हा त्या प्रोग्रॅमचा स्वभाव कळला. बटणाची चौकट वाढत नाही. मजकूर वाढला की तो अक्षरं बारीक करतो. बरं, एकाच बटणाची करतो का? छे! समानतेचा कट्टर पुरस्कर्ता! एका नावाची बारीक झाली की सगळ्यांची तेवढीच बारीक. दोन ओळी करू म्हणून एंटर दाबलं, तर तो म्हणाला झालं तुमचं काम, आणि खिडकी मिटली. चुकलं म्हणून मागे जायची सोय नाही. एक शब्द बदलायचा तर सगळं पान नव्याने, आणि डिस्कही नवी.

तेवढ्यात प्रल्हादकाकांचा फोन. काका बाबांचे धाकटे भाऊ.

"काकांचं भाषण म्हणजे? कोणाचे काका? कसलं भाषण? मी अठरा मिनिटं बोललोय तिथे."

"काका, जागा कमी आहे हो."

"जागा कमी असेल तर वंदना लहान कर... नको, वंदना राहू दे. पण निवृत्त मुख्याध्यापक आलंच पाहिजे. आणि प्रबोधनपर."

'आयु. प्रल्हाद बाबूराव गायकवाड (निवृत्त मुख्याध्यापक) यांचे प्रबोधनपर भाषण.' अक्षरं आणखी बारीक.

मग संगीता. "दादा, माझ्या सासऱ्यांचं नाव कुठेच नाही!"

"ते काही बोललेच नाहीत गं."

"अरे, आशीर्वाद दिलेत ना! तुझं काय जातंय? मला इथे राहायचंय!"

पाचवं बटण आलं. व्याह्यांचं नाव, त्यांचा हुद्दा, त्यांच्या गावासकट. (आधी गाव घातलं नव्हतं, तेव्हा तेही दुखावले होते. हे त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं.) नवव्या डिस्कनंतर मी बायकोला, वैशालीला, टीव्हीसमोर उभं केलं.

"कसं वाटतंय?"

"डाळीत किडे झाल्यासारखं," ती म्हणाली. "आईंना दाखवलंत का?"

"आईला काय दाखवायचं? तिच्यासाठीच तर करतोय!"

स्मृतिदिनाला सगळे जमले. बाबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, दोन मिनिटं घरात कोणी हललं नाही. मग मी डिस्क घातली आणि रिमोट आईच्या हातात दिला. काका उठले, टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभे राहिले आणि चष्मा सारून वाचू लागले. "निवृत्त आलंय. प्रबोधनपर आलंय. उत्तम!" आत्यानेही जवळ जाऊन कालकथित तपासून घेतलं. व्याह्यांना त्यांचं गाव सापडलं. सगळी माणसं समाधानी झाली.

आई खुर्चीतून म्हणाली, "काय लिहिलंय रे? मला नुसत्या रेघा दिसतात."

आईने थोडी वाट पाहिली आणि अंदाजाने बटण दाबलं. काकांचं भाषण सुरू झालं.

आता काका समोर बसलेले असताना काकांचं भाषण बंद कोण करणार? अठरा मिनिटं आम्ही प्रबोधन ऐकलं. खुद्द काका तर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे मान डोलवत होते. आई रिमोट दोन्ही हातांत धरून बसली होती. भाषण संपलं तोवर पानं वाढली होती. तिने रिमोट टीपॉयवर ठेवला आणि खीर वाढायला उठली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी दहावी डिस्क घेऊन बसलो होतो. दुपारी बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "मी काय बोलणार? हिला विचारा, सगळं हिनंच केलंय." थोडं थांबून पुन्हा तेच. मी दारात गेलो. आई खुर्चीत बसून टीव्हीकडे बघत होती आणि बाबांचं बोलणं झालं की हळूच म्हणत होती, "हो, आता म्हणा."

प्लेअरवर जुन्या कॅलेंडरचं एक पान पालथं ठेवलेलं होतं. त्यावर स्केचपेनने, बोटाबोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं:

खालचं बटण तीनदा. मग ओके.
हे बोलतात.
दोनदा दाबू नये. भाऊजी सुरू होतात.

कालकथित नाही, बाबूराव नाही, मनोगत नाही. माझ्या पहिल्या डिस्कवर जवळपास हेच तर होतं! आणि मला नऊ डिस्कांत एका ओळीखाली दुसरी ओळ आणता आली नव्हती; आईने एकाखाली एक तीन लिहिल्या होत्या.

"आई, मोठ्या अक्षरांची नवी करून देऊ?"

"नको," आई घाईघाईने म्हणाली. "तू आता काही करू नकोस. हा कागद पंख्याने उडतो, तेवढा चिकटवून दे."

मी चिकटपट्टी आणली आणि कागद सरळ लावून दिला. दुसऱ्या प्रयत्नात.