भिंगरीकाकूंच्या चादरी

भिंगरीकाकूंना बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. एका हातात कप, दुसऱ्या हाताने ओटा पुसणं चालू. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे नाव आम्ही मराठी बायकांनीच ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. म्हणायच्या, "अगं, हात थांबले की डोकं सुरू होतं. ते मला परवडत नाही."

त्यांच्या सासूबाई, माई, सांगलीहून एका उन्हाळ्यात मुलाकडे राहायला आल्या आणि परतायच्या आधीच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. विमानप्रवास आता शक्य नव्हता. काका दिवसभर लॅबमध्ये. माईंचं अंथरूण दिवसातून अनेकदा ओलं व्हायचं, आणि काकू बास्केट कमरेवर घेऊन तळघरातल्या, सगळ्या बिल्डिंगच्या वॉशिंग मशीनकडे धावायच्या. समोरच्याच दारात राहणाऱ्या मला त्यांच्या चपलांचा आवाज सारखा ऐकू यायचा.

एक दिवस बिल्डिंगचा मॅनेजर वर आला. भाडेकरूंच्या तक्रारी होत्या. असल्या चादरी सगळ्यांच्या मशीनमध्ये चालणार नाहीत, असं त्याने अवघडून सांगितलं. काकू नुसतं "ओके" म्हणाल्या. त्या दिवसापासून बाथटबमध्ये हाताने धुणं सुरू झालं. बाहेर बर्फ, घरात दारांवर, खुर्च्यांवर ओल्या चादरी. ब्लीचने काकूंच्या बोटांना भेगा पडल्या.

काका एकदा माझ्यासमोरच हळूच म्हणाले, "एखादं नर्सिंग होम बघून तर येऊ."

"या बघून," काकू चादर पिळता पिळता म्हणाल्या. "तिथे माईंना तहान लागली, तर त्या कुणाला सांगतील? आणि कुठल्या भाषेत?"



मी तेव्हा एका क्लिनिकमध्ये काम करायचे. तिथल्या नर्सने सांगितलं, की घरात अंथरुणाला खिळलेलं वयस्कर माणूस असेल तर काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, गाडी येते, चादरी बंद पिशवीतून नेते आणि धुऊन आणून देते. मी धावत काकूंना सांगायला गेले. त्यांचा चेहराच उतरला. "माईंची घाण परक्या माणसाच्या हातात द्यायची? त्यांना काय वाटेल?"

आतून माईंचा अडखळता आवाज आला. "मला... चालेल. तुझे हात बघ."

पहिल्या दिवशी अर्ल नावाचा उंच ड्रायव्हर पिशवी घेऊन गेला, आणि काकू खिडकी ते दार फेऱ्या मारत राहिल्या. काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी कपाट उपसलं, पुन्हा लावलं. शेवटी तेलाची वाटी घेऊन माईंच्या पलंगाशी गेल्या. मग ते रोजचंच झालं. काकू हातापायांना तेल लावत असताना माई एकेक शब्द जोडून आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. काकू एकदा मला म्हणाल्या, "इतकी वर्षं सून आहे मी त्यांची. त्यांना गाणं यायचं, हे मला आत्ता कळलं."

वसंतात माई गेल्या. दोन दिवसांनी नेहमीप्रमाणे अर्ल आला. त्याला काही माहीत नव्हतं. "हाउ इज मॉम टुडे?" त्याने विचारलं. काकूंनी नकारार्थी मान हलवली. त्याने टोपी काढली आणि धुतलेल्या चादरींचा गठ्ठा हातात धरून तसाच उभा राहिला. काकूंनी तो घेतला, थोडा वेळ छातीशी धरला आणि पुन्हा त्याच्याच हातात दिला. "समबडी विल नीड," एवढंच बोलल्या. महिन्याभरात त्या अर्लच्या गाडीत शेजारच्या सीटवर होत्या. घरोघरी जाऊन पिशव्या आणायच्या, आणि म्हाताऱ्यांशी दारात दोन शब्द बोलायच्या.

पुढे काकांना मिनेसोटात नोकरी लागली आणि त्यांनी घर हलवलं. निरोपाच्या वेळीही काकू माझ्या किचनमधली भांडी विसळत होत्या. काही आठवड्यांनी फोन आला. मी घर कसं आहे, थंडी कशी आहे, विचारत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

"अगं, इथे आमच्या शेजारी एक म्हातारी आहे, तिची मुलगी एकटी सगळं करते. गाडी येते का विचारलं, तर नाही म्हणाली. मी काउंटीच्या ऑफिसात जाऊन आले. ते म्हणाले, बघू."

"मग?"

"मग काय? उद्या परत जाते."