मामंजींच्या लघवीचा रंग

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. तरी आमच्या जबलपूरच्या मोहल्ल्यात घरी बसून लघवी तपासणारी पहिली बाई मीच. यात अभिमानाचं काही नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं.

जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि माझं माहेर नागपूरला. सासरे कोर्ट-कचेरीत पेशकार होते, म्हणजे खटल्यांचे कागद साहेबापुढे ठेवणारे; तिथूनच निवृत्त झाले. मी त्यांना मामंजी म्हणे. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती दोन महिने भरेना. डॉक्टरांनी साखरेचा रोग सांगितला. गोड बंद, भात कमी, नाहीतर अंगठा कापावा लागेल. मामंजींनी अंगठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गोडात खोव्याची जलेबी धरता का?"

माझे यजमान सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. त्यांनी एक काचेची नळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली घरी आणली. नळीवर कानशीनं खूण केली होती. खुणेपर्यंत औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मग दोन मिनिटं उकळायचं आणि थंड होऊ द्यायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी म्हणजे वाढत गेलेली. विटकरी म्हणजे सगळ्यात वाईट. यजमानांनी माझ्याकडून दोन दिवस नुसत्या पाण्याचे थेंब मोजून घेतले. "आठ म्हणजे आठ. पोह्यावर लिंबू पिळून नाही राहिलो आपण."

सासूबाईंनी हे सगळं न्हाणीशेजारी ठेवायला लावलं आणि दर तपासणीनंतर मला डोक्यावरून आंघोळ लावली. दिवस पौषाचे. लघवी सासऱ्यांची आणि कुडकुडायचं मी.

त्यातच धाकट्या बहिणीच्या लग्नाचं पत्र आलं. लग्न तीन आठवड्यांवर. मी जायचं म्हटल्यावर यजमान म्हणाले, "सलग आठ दिवस नळी निळी राहिली की खुशाल जा. तोवर तपासणार कोण? आई तर तिकडे पाहतसुद्धा नाही."

म्हणजे माझं माहेर मामंजींच्या लघवीत अडकलं. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "काळजी करू नको सूनबाई. मी जलेबीचं नावही घेत नाही."

नाव त्यांनी घेतलं नाही. चार दिवस नळी निळी आली. पाचव्या दिवशी विटकरी. मी त्यांचा खुंटीवरचा कोट पाहिला, तर भिंतीवरून खिशापर्यंत मुंग्यांची रांग.

"मामंजी, खिशात काय होतं?"

"कागद."

"मुंग्या कागद वाचून राहिल्या काय?"

"मुंगीची साक्ष कोणत्याच कोर्टात धरत नाहीत," ते म्हणाले. "तुझं औषधच खोटं आहे. सिद्ध करून दाखवतो."

त्यांनी सगळ्यांना न्हाणीशी बोलावलं. सासूबाई पदर नाकाला लावून लांब उभ्या राहिल्या. मामंजींनी वाटीत पाणी घेतलं, स्वैपाकघरातली साखर चांगली चमचाभर विरघळवली आणि माझ्याकडून त्याचेच आठ थेंब नळीत घालून घेतले. मी उकळलं. बाकीचे सगळे वाकून पाहत होते. नळी निळीच राहिली. मी आणखी दोन मिनिटं उकळलं. निळीच.

"अच्छा!" मामंजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "घरातली साखर घातली तरी याला दिसत नाही, आणि माझ्या पोटातली दिसते? खारीज! चलो, माझी टोपी आणा."

यजमानांचा चेहरा पडला. "उद्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारतो," ते पुटपुटले.

सासूबाई म्हणाल्या, "मग हिला काहून अडकवून ठेवलं? जाऊ द्या तिला माहेरी."

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. मामंजींना जलेबी मिळत होती आणि मला माहेर. पण आठ थेंब मी मोजले होते, उकळलं मी होतं, थंडीत आंघोळी मी केल्या होत्या, आणि आता सगळ्यांसमोर माझं काम खोटं ठरत होतं. ते मला सोसेना. शिवाय अंगठा कापला गेला असता तर पट्ट्या बदलायला मीच होते.

मी म्हटलं, "थांबा. एका साखरेवरून निकाल नको. घरातलं सगळं गोड पाहू."

आधी गुळाचं पाणी घातलं. नळी हिरवट-पिवळी झाली. मामंजींनी टोपी हातातच धरली. मग मी देवघरातून पंचामृताचा मध आणला. "देवाचा मध त्या नळीत?" सासूबाई ओरडल्या, पण तोवर मधाच्या पाण्याचे आठ थेंब पडले होते. बघता बघता नळी विटकरी झाली. अगदी सकाळच्यासारखी.

मामंजींनी टोपी परत खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी यजमान विचारून आले. साहेब म्हणाले होते की खायची साखर या औषधाला ओळखता येत नाही, रोगाची आणि मधातली येते. पण घरात तोवर निकाल लागला होता.

माझे आठ दिवस आता पहिल्यापासून मोजायचे होते आणि मध्ये संक्रांत येत होती. तिळगुळासमोर मामंजी टिकतील असं मला वाटत नव्हतं. तेवढ्यात ते म्हणाले, "उद्यापासून नळी मी उकळीन. दुसऱ्यानं केलेल्या नोंदीवर मी उभ्या जन्मात सही केली नाही. मला शिकव आणि तू जा."

मी त्यांच्याकडूनही दोन दिवस पाण्याचे थेंब मोजून घेतले. त्यांचे नऊ पडत. मी ओतून द्यायला लावी. तिसऱ्या दिवशी आठ पडले आणि मी गाडीत बसले.

पंधरा दिवसांनी परत आले तर न्हाणीशेजारी स्टूल, टेबल आणि वही. रोजची तारीख, रंग, मामंजींची सही आणि खाली साक्षीदार म्हणून सासूबाईंचा अंगठा. संक्रांतीला हिरवा होता, बाकी सगळा निळा. माझ्या तपासणीशी त्यांना वाद घालता येत होता, स्वतःच्या सहीशी येईना. मामंजींचा अंगठा भरत आला होता. शेजारच्या मास्तरांची मात्र आमच्याशी बोलाचाल बंद होती. मामंजींनी त्यांचीही तपासली होती आणि विटकरी आली हे मोहल्लाभर सांगितलं होतं.

"लग्न कसं झालं?" मामंजींनी विचारलं.

"चांगलं झालं."

"जलेबी होती?"

"होती."

"किती खाल्ल्या?"

"सहा."

त्यांनी चष्मा चढवला, दिवा पेटवला आणि रिकामी बाटली माझ्यापुढे धरली. सासूबाई म्हणाल्या, "दे बाई, नाहीतर जेवू द्यायचे नाहीत."

माझी नळी स्वच्छ निळी आली. मामंजींनी ती उजेडात दोनदा फिरवून पाहिली, वहीत लिहिली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.